सरावात उत्तम फटके मारणाऱ्या मुली सामन्यात बिचकतात. सॉफ्टबॉलमधील फलंदाजीची मानसिक तयारी कशी करून घ्यावी?

तुमच्या गटातील अकरा-बारा वर्षांच्या मुली सरावात चेंडू छान टोलवतात. पण सामन्यात बॅटर्स बॉक्समध्ये उभ्या राहिल्या की एक तर तिसरा स्ट्राइक होईपर्यंत (मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा हुकला की स्ट्राइक, असे तीन झाले की बाद) त्यांची बॅट खांद्यावरून हलत नाही किंवा डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूवरही फिरते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांचे मन खंबीर कसे करावे, हा तुमचा प्रश्न आहे. मी याच वयोगटातील मुलींना फलंदाजी शिकवत आले आहे आणि त्या आधारावर सांगते, की या वयात खंबीरपणाचे वेगळे धडे फारसे उपयोगी पडत नाहीत. प्रत्येक चेंडूसाठी मुलीला एक छोटे, ठरलेले काम द्यावे आणि तिची पारख त्या कामावरून करावी, धावफलकावरून करू नये. ज्याला आपण दडपण म्हणतो, त्यातले बरेचसे दडपण नेमके काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे येते.

आधी या मुलींपुढचे काम किती अवघड आहे, ते पाहू. बारा वर्षांखालील अनेक स्पर्धांमध्ये पिचर 40 फुटांवरून चेंडू टाकते. चेंडू हातातून सुटतो तेव्हा तिचे पाऊल पुढे आलेले असते, म्हणून ताशी 60 किलोमीटर वेगाचा चेंडूदेखील जेमतेम सहा दशांश सेकंदात फलंदाजापुढच्या होम प्लेटवर येतो. वरच्या पातळीवर अंतर 43 फूट आणि वेग ताशी 100 किलोमीटरच्या आसपास असतो. तिथे साधारण चार दशांश सेकंद मिळतात. यातून बॅट फिरवायला लागणारा वेळ वजा केला, तर विचार करायला जवळजवळ काहीच उरत नाही. 2004 साली एका प्रदर्शनीय सामन्यात जेनी फिंच या पिचरने अल्बर्ट पुहोल्ससारख्या बेसबॉलमधील अव्वल फलंदाजाला स्ट्राइक आऊट केले होते. त्याच्या प्रतिक्रियेचा वेग कमी नव्हता. बेसबॉलमधला, खांद्यावरून येणारा चेंडू वाचायला त्याचे डोळे शिकले होते, सॉफ्टबॉलमधला, कमरेजवळून सुटणारा चेंडू मात्र त्यांच्या ओळखीचा नव्हता. म्हणजे चेंडू मारण्याचा निर्णय आधीच तयार असलेल्या ओळखीवर उभा असतो. ही ओळख सरावात तयार झाली नसेल, तर सामन्यात कितीही धीर दिला तरी ती आयत्या वेळी येत नाही.

म्हणून पहिला बदल सरावात करा. जवळून हाताने अलगद टाकलेले, एकाच उंचीवरचे चेंडू पन्नास वेळा मारले की मुलीला आपण तयार झालो असे वाटते, पण त्या पन्नास चेंडूंत निर्णय एकही नसतो. 1994 साली महाविद्यालयीन बेसबॉल खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते, की एकाच प्रकारचे चेंडू सलग खेळणाऱ्यांपेक्षा वेगवेगळे चेंडू सरमिसळ पद्धतीने खेळणाऱ्यांची पुढच्या चाचणीत अधिक प्रगती झाली. सरमिसळ सरावात मुली जास्त चुकतात आणि कुरकुरतात. ती कुरकुर सोसावी. याखेरीज माझा सर्वांत आवडता सराव बिनफटक्याचा आहे. तुमच्या पिचर गोलंदाजीचा सराव करत असतील, तेव्हा एकेका मुलीला हेल्मेट घालून बॉक्समध्ये उभे करा. बॅट हातात असावी, पण फिरवायची नाही; चेंडू कॅचरच्या (प्लेटमागे बसून चेंडू झेलणारीच्या) ग्लोव्हजमध्ये पडण्यापूर्वी तिने मोठ्याने "हो" किंवा "नाही" म्हणायचे. सुरुवातीला ही हाक ग्लोव्हजच्या आवाजानंतर येते, मग आवाजाबरोबर आणि काही आठवड्यांनी चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच येऊ लागते. त्या मुलीला स्वतःलाच हा फरक ऐकू येतो, आणि तो तिला माझ्या कोणत्याही शाबासकीपेक्षा अधिक पटतो.

दुसरा बदल म्हणजे बॉक्समध्ये जाताना तिच्याकडे एक ठरलेला बेत असावा. नियमाने स्ट्राइक झोन, म्हणजे ज्यातून गेलेला चेंडू सोडला तर स्ट्राइक ठरतो ती प्लेटवरची जागा, काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत असतो, पण एवढ्या सगळ्या जागेवर लक्ष ठेवणे लहान मुलीला झेपत नाही. एकही स्ट्राइक झालेला नसताना तिने तिच्या आवडीचा एकच पट्टा निवडावा, उदाहरणार्थ कमरेपासून मांडीपर्यंतचा आणि प्लेटच्या मधला. तिथे आलेला चेंडू जोरात मारायचा, बाकीचे सोडून द्यायचे. दोन स्ट्राइक झाल्यावर पट्टा मोठा करायचा आणि जवळपासचा प्रत्येक चेंडू निदान फाउल करायचा, म्हणजे बॅट लावून कडेच्या रेषांबाहेर घालवायचा. बेतातला आणखी एक भाग मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. मुलीने "चांगला असेल तर मारीन" असे मनाशी न म्हणता "मारणारच आहे, वाईट दिसला तर थांबेन" असे म्हणून सुरुवात करावी. पहिल्या वाक्याने शरीर वाट पाहत राहते आणि उशीर होतो. दुसऱ्याने ते आधीच निघालेले असते आणि थांबायला वेळ मिळतो. बॅट खांद्यावरच राहणाऱ्या तुमच्या मुलींपैकी बहुतेकींचे दुखणे इथेच असेल, असा माझा अंदाज आहे.

दोन चेंडूंच्या मधल्या वेळासाठीही एक क्रम बसवून द्या. अनेक स्पर्धांमध्ये एक पाय बॉक्समध्येच ठेवावा लागतो, म्हणून हा क्रम तेवढ्या जागेत मावणारा हवा: एक पाय बाहेर, बॅटवरच्या एका ठरावीक खुणेवर नजर, एक लांब उच्छ्वास, स्वतःचा एक शब्द, आणि पुन्हा आत. माझ्याकडे एक डावखुरी मुलगी होती. प्रत्येक स्ट्राइकनंतर ती मान वळवून जाळीमागे बसलेल्या वडिलांकडे पाहायची. ते हाताने कोपर वर घेण्याची खूण करायचे आणि पुढच्या चेंडूला तिचे सगळे लक्ष कोपरावर असायचे. तिच्या बॅटच्या मुठीजवळ आम्ही पिवळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि नजर तिथे न्यायची असे ठरवले. वडिलांनाही नीट समजावून सांगितले, आणि त्यांनी ते मनापासून ऐकले. लगेच तिचे हिट (बाद न होता बेस गाठून देणारे फटके) वाढले असे नाही, पण चेंडू येताना तिचे डोळे पिचरच्या हातावर असत, आणि तेवढे झाल्याशिवाय पुढचे काही होत नाही.

यावरून सूचनांविषयी सांगावेसे वाटते. शरीराच्या अवयवांकडे लक्ष देण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे लक्ष दिले तर कौशल्य चांगले उतरते, हे गाब्रिएले वुल्फ यांच्या आणि इतरांच्या संशोधनातून वारंवार दिसले आहे. सामन्यात "मनगट वळव", "गुडघा वाकव" असे ओरडू नये. "चेंडू पिचरच्या डोक्यावरून परत पाठव" एवढे पुरे. तेही एकाच व्यक्तीने, एकदाच सांगावे. तंत्राच्या दुरुस्त्या सरावासाठी राखून ठेवा.

चेंडू लागण्याची भीती ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला मानसिक दुबळेपणा समजणे अन्यायाचे आहे. चेंडू खरोखरच कठीण असतो आणि लागला की दुखते. "काही होत नाही" असे म्हणू नका. मुलीचा तुमच्यावरचा विश्वास तेवढ्यानेच जातो. चेंडू अंगावर आला तर काय करायचे हे शिकवा: पुढचा खांदा कॅचरच्या दिशेने वळवायचा, हनुवटी खांद्यामागे लपवायची, बॅट खाली घ्यायची आणि पाठ चेंडूकडे करायची. टेनिसचे चेंडू जवळून हलकेच अंगावर टाकून हे अनेकदा करून घ्या. मुली यात हसतात, खेळतात आणि त्यांच्या नकळत पाय मागे सरकवायची सवय कमी होते. हेल्मेटला चेहऱ्याची जाळी असावी, याबाबत तडजोड नको.

आता पारख. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची लिसा फर्नांडिस हिची फलंदाजीची सरासरी .545 होती, म्हणजे शंभर संधींमागे साधारण 55 हिट. एवढ्या असामान्य स्पर्धेतही जवळजवळ निम्म्या वेळी तिला हिट मिळाला नाही. मग बारा वर्षांच्या मुलीला केवळ हिटवरून मोजले, तर तिच्या वाट्याला बहुतेक वेळा अपयशच येणार. मी वहीत तीनच गोष्टी लिहायला लावते: माझ्या पट्ट्यातला चेंडू मी मारायला गेले का, बाहेरचा सोडला का, मधला क्रम पाळला का. थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात गेलेला सणसणीत फटका या वहीत यशस्वी ठरतो आणि चुकीच्या चेंडूवर नशिबाने मिळालेला हिट ठरत नाही. कौतुकही याच गोष्टींचे करा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साधारण याच वयाच्या मुलांपैकी ज्यांची हुशारी वाखाणली गेली, ती अपयशानंतर लवकर हातपाय गाळत. ज्यांच्या कष्टांचे कौतुक झाले, ती टिकून राहिली. प्रयोग कोड्यांवर होते, तरी "तू जन्मजात फलंदाज आहेस" असे म्हणायचे मी तेव्हापासून टाळते.

स्ट्राइक आऊट होऊन मुलगी रडत डगआउटमध्ये आली, तर लगेच काही बोलू नका. तिला पाणी पिऊ द्या, ग्लोव्हज घालून क्षेत्ररक्षणाला जाऊ द्या. इनिंग संपल्यावर एकच प्रश्न विचारा: "शेवटचा चेंडू कुठे होता?" उत्तर काय येते ते लक्षपूर्वक ऐका. तिने जागा बरोबर सांगितली, तर तिला चेंडू दिसला होता आणि अडचण बेताची किंवा वेळेची आहे. "माहीत नाही" असे उत्तर येत असेल, तर चेंडू सुटताना तिची नजर कुठे असते ते पुढच्या खेपेला पाहा; बहुधा भीतीने मान आधीच वळलेली असते. आणि ती आत्मविश्वासाने, पण वारंवार चुकीची जागा सांगत असेल, तर मनाचे काहीही करण्यापूर्वी तिच्या पालकांना तिचे डोळे तपासून घ्यायला सांगा.