फॉरमॅट मारला आणि पुरावाच गेला

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटर इंजिनिअर, सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत आयटी बघतो. मागच्या महिन्यात सप्लायरच्या नावाने खोटा मेल आला, बँक अकाउंट बदललंय म्हणून, आणि अकाउंटवाल्यांनी पैसे भरून टाकले. साहेब म्हणाले व्हायरस असेल, पीसी फॉरमॅट मार. मारला. मग पोलिसांनी मेल मागितला तर दाखवायला काहीच नाही. आता सायबर सिक्युरिटीत मास्टर्स करायचंय पण एका कोर्समध्ये कायदा आणि पॉलिसीचेही पेपर आहेत, इंजिनिअरला ते कशाला?
— एक वाचक, सिडको

उत्तर : अरे, फॉरमॅट मारलास तिथेच उत्तर आहे की! पीसी चकाचक झाला, पण लॉग, म्हणजे यंत्रात काय काय झालं त्याच्या नोंदी, गेले, मेल कुठून कसा आला ते सांगणारे हेडर गेले. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायला निदान चान्स होता, आणि सर्ट-इनचा, म्हणजे सायबर हल्ल्यांचं बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, एप्रिल 2022 चा आदेश, की घटना 6 तासांत कळवा, लॉग 180 दिवस ठेवा, तो कंपन्यांनाही लागू आहे. ही झाली पॉलिसी.

कायद्यासाठी जालन्याची केस बघ. 2014 च्या विधानसभेला अर्जुन खोतकर 296 मतांनी आले, कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, म्हणे अर्ज दुपारी 3 नंतर भरलाय, पुरावा काय तर निवडणूक कचेरीतलंच शूटिंग. सीडी मिळाली पण हे रेकॉर्डिंग कुठल्या यंत्रातून कसं काढलं ते सांगणारं सोबतचं सर्टिफिकेट अधिकारी काही देईनात, आणि त्या एका कागदावरून भांडण 2020 मध्ये सुप्रीम कोर्टात. मूळ यंत्र हजर करता येत नसेल तर सर्टिफिकेट लागतंच, असं तिथे ठरलं. 1 जुलै 2024 पासून या सर्टिफिकेटसाठी नव्या साक्ष कायद्याचं कलम 63 आहे, त्याच्या फॉर्ममध्ये हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, भरायची असते, खाली तज्ज्ञाची सही. हॅश काढणं तुला चहा उकळेपर्यंतचं काम, पण ती कुठल्या कागदावर लिहायची हे नको का कळायला?

म्हणून घे तो कोर्स. एलएलबीकडे मात्र पळू नकोस, पाया नेटवर्किंग आणि फॉरेन्सिकचाच ठेव. फक्त सिलॅबस आधी मागव, घटनेचा रिपोर्ट लिहून घेतात का नुसती कलमं पाठ करून घेतात ते बघ. आणि आयटी ॲक्टचं 66ए, ते ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं, अजून चालू कलम म्हणून शिकवत असतील तर त्या कॉलेजला लांबूनच नमस्कार, ते 2015 मध्येच रद्द झालंय!

हो, तो मेल सर्व्हरवर अजून असू शकतो हं. उद्याच बघ, आणि या वेळी कशाला हात लावू नकोस बाबा.