करखर्च, भरलेला कर आणि डिफर्ड टॅक्स : भागधारकांच्या प्रश्नांना उत्तरे

कंपन्यांचे वार्षिक अहवाल हाती पडू लागले की कराच्या टिपेविषयी, म्हणजे हिशेबांना जोडलेल्या कराच्या तपशिलाविषयी, बरेच प्रश्न येतात. या वेळी निवडलेले प्रश्न भारतातील मोठ्या कंपन्यांच्या हिशेबाबद्दल आहेत.

प्रश्न : माझ्याकडे ज्या कंपनीचे शेअर आहेत, तिच्या नफा-तोटा पत्रकात करखर्च ४१० कोटी रुपये आहे. रोख प्रवाह पत्रकात मात्र भरलेला कर ३६५ कोटी दिसतो. खरा आकडा कोणता मानावा? (सांगली)

दोन्ही आकडे खरे आहेत. नफा-तोटा पत्रकातील आकडा त्या वर्षीच्या नफ्यावर कराचा एकूण किती भार पडतो हे सांगतो. रोख प्रवाह पत्रकातील आकडा त्या वर्षात तिजोरीत किती रक्कम गेली ते सांगतो. तुम्ही पाठवलेल्या टिपेत ४१० कोटींचे दोन भाग दिले आहेत : ३७८ कोटी चालू कर आणि ३२ कोटी डिफर्ड टॅक्स. चालू कर म्हणजे आयकर कायद्यानुसार काढलेल्या करपात्र उत्पन्नावरील देय कर. डिफर्ड टॅक्सचे ३२ कोटी या वर्षी कोणालाही दिलेले नाहीत. ते पुढील वर्षांत द्याव्या लागणाऱ्या कराची आजच केलेली नोंद आहे.

राहिला ३७८ आणि ३६५ मधला फरक. कंपनीला आगाऊ कर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण, असा अंदाजावर भरावा लागतो. अंतिम हिशेब त्यानंतर होतो आणि उरलेला कर पुढच्या आर्थिक वर्षात भरला जातो. शिवाय जुन्या वर्षांचे परतावेही याच ओळीत वजा होतात. त्यामुळे एखाद्या वर्षाच्या तफावतीवरून शंका घेऊ नये. चार-पाच वर्षांची बेरीज करूनही चालू कर आणि भरलेला कर यांचा मेळ लागत नसेल, तर मात्र वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न अवश्य विचारावा.

प्रश्न : डिफर्ड टॅक्सचे देणे ताळेबंदात दरवर्षी वाढतच जाते. ते कधी द्यावे लागते का? (नाशिक)

हे देणे कसे जन्माला येते ते एका यंत्रावर पाहू. कंपनीने १०० कोटींचे यंत्र घेतले. त्याचे आयुष्य दहा वर्षे धरून ती दरवर्षी सारखा, म्हणजे १० कोटी घसारा (वापरामुळे किमतीत होणारी घट) मांडते. आयकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर शिल्लक मूल्याच्या १५ टक्के घसारा मिळतो. म्हणजे पहिल्या वर्षी १५ कोटी, दुसऱ्या वर्षी १२.७५ कोटी. पहिल्या वर्षअखेर पुस्तकात यंत्राची किंमत ९० कोटी उरते, आयकराच्या हिशेबात ८५ कोटी. या ५ कोटींच्या फरकावर कंपनी कराच्या २५.१६८ टक्के दराने सुमारे १.२६ कोटींचे डिफर्ड टॅक्स देणे नोंदले जाते, कारण आज मिळालेली जादा वजावट पुढे तेवढीच कमी मिळणार आहे. दुसऱ्या वर्षी फरक ७.७५ कोटी आणि देणे १.९५ कोटी होते, तर तिसऱ्या वर्षी ते सुमारे २.१६ कोटींवर पोहोचते. चौथ्या वर्षी आयकरातला घसारा ९.२१ कोटींवर येतो, पुस्तकातल्या १० कोटींपेक्षा कमी, आणि तेथून देणे उतरू लागते.

म्हणजे एका यंत्रापुरते हे देणे खरोखर फिटते. पण वाढत्या कंपनीत जुन्या यंत्राचा फरक मिटण्याआधीच नवी यंत्रे येतात आणि एकूण आकडा चढताच राहतो. या देण्यावर व्याज नाही, कोणी धनको दारात उभा नाही, आणि लेखा मानकानुसार (हिशेब मांडण्याच्या ठरलेल्या नियमांनुसार) भविष्यातील रक्कम आजच्या मूल्यात रूपांतरित करण्यासही मुभा नाही. म्हणून बँकेच्या कर्जासोबत ते मोजणे मला चुकीचे वाटते. मात्र विस्तार थांबलेल्या कंपनीत हेच देणे प्रत्यक्ष रोख कराच्या रूपाने समोर येते, हे विसरू नये.

प्रश्न : २०१९ मध्ये सरकारने कंपनी कर कमी केला, तेव्हा काही बँकांचा नफा उलट घसरला. दर कमी होऊन नुकसान कसे? (पुणे)

२० सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने, ठरावीक सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना २२ टक्के दर खुला झाला. अधिभार आणि उपकर धरून तो २५.१६८ टक्के होतो. त्याआधी मोठ्या कंपन्यांसाठी हाच आकडा ३४.९४४ टक्के होता. बँका बुडीत कर्जांसाठी मोठ्या तरतुदी करतात, पण त्यांतील बऱ्याच रकमेची वजावट आयकरात लगेच मिळत नाही. आज कर जास्त, पुढे कमी. म्हणून या फरकावर डिफर्ड टॅक्सची मालमत्ता नोंदली जाते. वजावटीच्या दर १०० रुपयांमागे पूर्वी ३४.९४ रुपये वाचणार होते, नव्या दराने २५.१७ रुपयेच वाचणार. ताळेबंदातील मालमत्ता त्या मानाने सुमारे २८ टक्क्यांनी आक्रसली आणि ती घट एकाच तिमाहीत करखर्च म्हणून दाखवावी लागली. ॲक्सिस बँकेवर सप्टेंबर २०१९ च्या तिमाहीत असा २,१३८ कोटींचा एकवेळचा भार पडला आणि तिने ११२ कोटींचा तोटा दाखवला. आयसीआयसीआय बँकेचा भार २,९२० कोटींचा होता आणि नफा ६५५ कोटींवर आला. ज्या उत्पादक कंपन्यांकडे आपल्या यंत्राच्या उदाहरणासारखे देणे साचले होते, त्यांचे देणे त्याच नियमाने घटले आणि नफा फुगला. दोन्ही प्रकारांत त्या तिमाहीच्या व्यवसायाचा या आकड्यांशी संबंध नव्हता. दराच्या बदलाचे परिणाम बाजूला काढल्याशिवाय त्या वर्षाच्या नफ्याची तुलना करणे व्यर्थ आहे.

प्रश्न : तोट्यातील कंपनी डिफर्ड टॅक्सची मालमत्ता दाखवून तोटा कमी करते. हे नियमात बसते का? (कोल्हापूर)

बसते, पण कराच्या टिपेत सर्वांत कडक नजर येथेच हवी. व्यवसायातील तोटा पुढील आठ वर्षे नफ्यातून वजा करता येतो. न वापरलेल्या घसाऱ्याला मुदत नाही. इंड एएस १२ या आयकराविषयीच्या लेखा मानकानुसार, पुरेसा करपात्र नफा होण्याची शक्यता न होण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त असेल, तेवढ्यापुरतीच ही मालमत्ता नोंदता येते, आणि अलीकडचा तोट्याचा इतिहास असेल तर त्यासाठी ठोस पुरावा लागतो. जुन्या एएस २२ या मानकाची अट आणखी कठोर आहे : अशा तोट्याबाबत तेथे जवळजवळ खात्रीच मागितली जाते.

प्रत्यक्षात हा अंदाज व्यवस्थापन करते आणि लेखापरीक्षक तपासतो. १०० कोटींच्या तोट्यावर २५ कोटींची मालमत्ता नोंदली की निव्वळ तोटा ७५ कोटी दिसतो. कंपनीत एक रुपयाही आलेला नसतो. सलग तीन-चार वर्षे तोटा होत असताना ही मालमत्ता वाढतच असेल, तर मी नक्त मूल्यातून (मालमत्ता वजा देणी) ती पूर्ण वजा करूनच त्या कंपनीकडे पाहतो. टिपेत नोंद न केलेल्या तोट्याची रक्कम आणि मुदत संपण्याचे वर्षही दिलेले असते, ते वाचावे.

प्रश्न : दर २५.१७ टक्के, मग करपूर्व नफ्याच्या २९ टक्के कर कसा? (ठाणे)

काही खर्च आयकरात कधीच मान्य होत नाहीत. सामाजिक उत्तरदायित्वाचा सक्तीचा खर्च त्यांपैकी एक. करपूर्व नफा १०० कोटी आणि हा खर्च २ कोटी असेल, तर एवढ्याने दर २५.६७ टक्क्यांवर जातो. त्याहून मोठी तफावत बहुधा एकत्रित लेख्यांत उपकंपन्यांच्या तोट्यामुळे येते : तोटा नफ्यातून वजा होतो, पण त्याबद्दल कराची मालमत्ता न नोंदल्यास कर तेवढाच राहतो. करपूर्व नफ्यापासून करखर्चापर्यंतचा ताळमेळ टिपेत ओळीने दिलेला असतो. त्यात ‘इतर’ या ओळीतील रक्कम मोठी असेल, तर कंपनी सचिवांना पत्र लिहून तिचा तपशील मागावा.