नवीन वेबसाइटवर लोक आणायचे तर आधी एसईओ (पैसे न देता गूगलच्या शोधात साइट वर दिसावी म्हणून तिच्यात केलेल्या सुधारणा) करावं की पैसे देऊन जाहिराती?

घाई असेल तर जाहिराती, पण थोड्याच. एसईओचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलचेच लोक सांगतात. जाहिरात आज लावली की बहुधा एक-दोन दिवसांत लोक येतात आणि पैसे थांबवले की तेही थांबतात. जाहिराती दिल्या म्हणून नेहमीच्या शोधनिकालात वरचा क्रमांक मिळत नाही; कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सरळ नमस्कार करा.

माझ्या मते जाहिरातीचा खरा उपयोग शिकण्यासाठी आहे. गूगल ॲड्समधला 'सर्च टर्म्स' अहवाल उघडा. लोक नेमके कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले, ते त्यात बऱ्यापैकी कळतं. (पहिल्यांदा बघाल तेव्हा हसू येईल, मग खर्च आठवेल.) 'फुकट', 'नोकरी' असे निरुपयोगी शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्यांच्यावर जाहिरात दाखवायची नाही त्या शब्दांच्या यादीत, टाका. ज्या शब्दांवरून खरोखर चौकशी किंवा खरेदी झाली, त्यांच्यावर एकेक नीट पान लिहा. एसईओची सुरुवात तिथूनच.

गूगलच्या शोधात तुमची साइट कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते आजच जोडून ठेवा.