चवथीलाच ऑस्करचे अंदाज: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयावरची निघाली. अभिनयाच्या मोठ्या पारितोषिकांसाठी कोणाकोणाची नावे चर्चेत आहेत, हे महिनोन्‌महिने आधी छापले जाते. त्यावर किती विसंबावे, हा त्या पत्रांचा गाभा आहे. म्हणून या वेळचे सदर त्यांच्याचसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न (वाचिका, म्हापसा): चवथीला घरी आलेली माझी पुतणी पुढच्या ऑस्करच्या संभाव्य अभिनेत्यांची आणि अभिनेत्रींची यादी मोबाइलवर वाचून दाखवीत होती. त्यातले बहुतेक चित्रपट अजून कुठेच लागलेले नाहीत. न पाहिलेल्या अभिनयाला पारितोषिक मिळेल, असे कोणी कशाच्या आधारावर सांगते?

उत्तर: आधार असतो, परंतु त्यात अभिनयाचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. चवथीच्या आसपासच, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, व्हेनिस, टेल्युराइड आणि टोरांटो हे तीन महोत्सव पाठोपाठ भरतात. २०२५ मध्ये तर चवथ आणि व्हेनिस महोत्सवाचा पहिला दिवस एकच, २७ ऑगस्ट, होता. कोणता चित्रपट कोणत्या महोत्सवासाठी निवडला गेला, तो कोणत्या वितरकाने घेतला, त्याचे प्रदर्शन ऑक्टोबर ते डिसेंबर या मोसमात ठेवले आहे की नाही, भूमिका एखाद्या होऊन गेलेल्या व्यक्तीची आहे का आणि तो नट पूर्वी किती वेळा नामांकनापर्यंत येऊन रिकाम्या हाताने परतला आहे, एवढ्या माहितीवर यादी उभी राहते.

आपल्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतही जुने प्रेक्षक पहिल्या दोन-तीन प्रयोगांनंतर वैयक्तिक पारितोषिकांचे अंदाज बांधू लागतात. पण निदान त्यांनी ते प्रयोग पाहिलेले असतात. सप्टेंबरमधली ऑस्करची यादी म्हणजे नाटकाचे, दिग्दर्शकाचे आणि संस्थेचे नाव वाचून, पडदा उघडण्यापूर्वीच लावलेला निकाल होय.

त्यात एक चक्रही आहे. ज्या चित्रपटामागे प्रचाराचा पैसा आहे त्याचे नाव यादीत येते, यादीत नाव आले म्हणून मतदार तो आधी पाहतात आणि त्यांनी पाहिला म्हणून पुढच्या यादीत ते नाव वर सरकते. तेव्हा पुतणीने वाचलेली यादी कोणी चांगले काम केले याची नसून कोणासाठी प्रचार होणार आहे याची आहे, असे समजून ती वाचावी. त्या अर्थाने ती बऱ्यापैकी खरीही असते. मात्र वर्षाच्या आरंभी येऊन गेलेले चित्रपट अशा याद्यांमधून निसटतात. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रदर्शित झाला होता आणि अँथनी हॉपकिन्स व जोडी फॉस्टर यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले ते मार्च १९९२ मध्ये. मिशेल योह यांचा २०२३ मध्ये विजयी ठरलेला चित्रपटही आदल्या वर्षीच्या मार्चमधला होता.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, फोंडा): २०२५ मध्ये डेमी मूर यांना ऑस्करपूर्वीची बहुतेक पारितोषिके मिळाली, म्हणून मी मित्रमंडळींत छातीठोकपणे त्यांचे नाव सांगितले आणि तोंडघशी पडलो. आधीच्या कोणत्या पारितोषिकावर विश्वास ठेवावा?

उत्तर: सर, आपण एकटे नाही. मीही तेच नाव सांगितले होते, आणि आमच्या कार्यालयात त्याची आठवण अजून करून दिली जाते.

प्रथम मते कोण देतो ते पाहू. नामांकनाच्या फेरीत अभिनयाच्या विभागांसाठी केवळ ऑस्कर देणाऱ्या अमेरिकी अकादमीच्या अभिनेता शाखेचे सदस्य मतदान करतात. ही शाखा तेराशेच्या आसपास सदस्यांची आहे. प्रत्येक सदस्य पसंतीक्रमाने नावे लिहितो आणि पाच जागांसाठी एकूण मतपत्रिकांच्या एक षष्ठांशाहून थोडी अधिक मते मिळाली की नामांकन पक्के होते. सर्वांनी मतदान केले असे धरले तरी हा आकडा सव्वादोनशेच्या आतच राहतो. म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये अँड्रिया राइजबरो यांचे नाव कोणत्याही प्रमुख यादीत नसताना नामांकनात आले. त्यांचा ‘टू लेस्ली’ चित्रपटगृहांत जवळपास कोणी पाहिलाच नव्हता. परंतु काही नामवंत कलाकारांनी आपल्या सहकाऱ्यांना तो पाहण्याचा आग्रह केला आणि तेवढे पुरले. त्या प्रचाराची अकादमीने चौकशी केली, पण नामांकन कायम ठेवले.

अंतिम फेरीत मात्र दहा हजारांच्या घरातले सर्व शाखांचे सदस्य मत देतात, आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, एवढा साधा हिशेब असतो. आता आधीच्या पारितोषिकांकडे या दृष्टीने पाहावे. गोल्डन ग्लोबचे मतदार पत्रकार असतात. त्यांच्यापैकी कोणाचेही मत ऑस्करला जात नाही. स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड या अमेरिकी नटसंघटनेच्या पारितोषिकांच्या अंतिम फेरीचा मतदार केवळ कलावंतवर्ग असतो आणि त्याची संख्या लाखाच्या वर आहे. ब्रिटनच्या बाफ्टाचे मतदार निरनिराळ्या शाखांतले चित्रपट व्यावसायिक असतात, आणि त्यांच्यातले काहीजण अकादमीचेही सदस्य आहेत.

चार उदाहरणे एकत्र ठेवली की चित्र स्पष्ट होते. २०१९ मध्ये ग्लेन क्लोज, २०२१ मध्ये दिवंगत चॅडविक बोसमन, २०२४ मध्ये लिली ग्लॅडस्टोन आणि २०२५ मध्ये डेमी मूर या चौघांना ग्लोब आणि गिल्ड ही दोन्ही पारितोषिके मिळाली होती. चौघांनाही ऑस्कर मिळाले नाही. ते अनुक्रमे ऑलिव्हिया कोलमन, अँथनी हॉपकिन्स, एमा स्टोन आणि मायकी मॅडिसन यांच्याकडे गेले, आणि त्या चौघांनीही त्याच वर्षी बाफ्टा जिंकले होते. २०२१ मध्ये तर अंदाजावर आयोजकांचाही एवढा भरवसा असावा की, नेहमीप्रमाणे सर्वोत्कृष्ट चित्रपटाने सांगता करण्याऐवजी अभिनेत्याचे पारितोषिक शेवटी ठेवण्यात आले. नाव पुकारले गेले तेव्हा हॉपकिन्स सभागृहात नव्हतेच.

गेल्या दहा वर्षांत अकादमीने अमेरिकेबाहेरचे सदस्य मोठ्या संख्येने घेतले, त्यामुळे बाफ्टाचा कल अधिक जुळू लागला असावा, असे माझे मत आहे. परंतु याचाही नियम करू नका. २०२३ मध्ये बाफ्टा केट ब्लँचेट आणि ऑस्टिन बटलर यांना मिळाले, तर गिल्ड आणि ऑस्कर मिशेल योह आणि ब्रेंडन फ्रेझर यांना. देवाने उजवा कौल दिला तरी शेतात राबावे लागतेच, तसे दोन्ही निकाल हाती असले तरी त्या वर्षीचे चित्रपट पाहावेच लागतात. खुद्द मतदारांनाही आता ते चुकत नाही: अंतिम फेरीत मत देण्यासाठी त्या विभागातले सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत, असा नियम अकादमीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. तोपर्यंत तसा नियम नव्हता, हे वाचून मी अधिक चकित झालो होतो.

प्रश्न (वाचक, डिचोली): ‘मराठी चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत’ असे मथळे दर दोन-तीन वर्षांनी वाचायला मिळतात आणि पुढे काहीच होत नाही. हे नेमके काय असते?

उत्तर: बहुधा ती पात्र चित्रपटांची यादी असते. अमेरिकेतल्या ठरावीक शहरांपैकी एका ठिकाणी चित्रपटगृहात सलग सात दिवस खेळ झाले आणि कागदपत्रे वेळेत पोहोचली, की चित्रपट त्या यादीत बसतो. जानेवारी २०२३ मध्ये अशा यादीत ३०१ चित्रपट होते. त्यांत ‘मी वसंतराव’ होता, ‘कांतारा’ होता आणि इतरही भारतीय चित्रपट होते. यादीतल्या चित्रपटांचे कलाकार अभिनयाच्या विभागांसाठी पात्र ठरतात, म्हणून त्यांची ‘निवड झाली’ असेही काही ठिकाणी छापून आले. मतदारयादीत नाव असणे आणि निवडून येणे यांत जेवढे अंतर आहे तेवढेच येथे आहे. चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी ही यादी काहीही सांगत नाही, बरेही नाही आणि वाईटही नाही.

प्रश्न (वाचिका, मडगाव): आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांविषयी असे अंदाज का रंगत नाहीत?

उत्तर: कारण अंदाजाला धरायला दोराच नसतो. नामांकने जाहीर होत नाहीत, आणि हजारो मतदारांऐवजी एक लहान परीक्षक मंडळ बंद दाराआड चर्चा करून निर्णय घेते. पाच विभागीय मंडळे प्रवेशिका चाळून काही चित्रपट पुढे पाठवितात आणि अंतिम निवड केंद्रीय मंडळ करते. मंडळ दर वर्षी बदलते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या निकालावरून यंदाचा तर्क करता येत नाही. शिवाय विलंब आहेच: २०२३ च्या चित्रपटांचे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले, आणि अभिनेत्याचा पुरस्कार शाहरुख खान व विक्रांत मॅसी यांना विभागून मिळाला.

मला स्वतःला ही पद्धत, तिचे सर्व दोष धरूनही, लहान भाषांच्या दृष्टीने बरी वाटते. २०१०, २०११ आणि २०१२ या सलग तीन वर्षांच्या चित्रपटांसाठी मुख्य भूमिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे आला: ‘बाबू बॅण्ड बाजा’साठी मिताली जगताप-वराडकर, ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णी आणि शेवटच्या वर्षी ‘अनुमती’साठी विक्रम गोखले व ‘धग’साठी उषा जाधव. यांपैकी गोखल्यांचे नाव तेवढे एखाद्याने आधी सांगितले असते; उषा जाधव यांचे कोणी सांगितले असते असे मला वाटत नाही. आपल्या कोंकणी ‘नाचोंया कुंपासार’मधील कामासाठी पालोमी घोष यांचा विशेष उल्लेख झाला, तोही प्रचारावर चालणाऱ्या व्यवस्थेत झाला नसता.

प्रश्न (महाविद्यालयीन विद्यार्थी, काणकोण): नोव्हेंबरमध्ये पणजीच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, चित्रपट पाहून ऑस्करचे दावेदार ओळखता येतील का? आणि मुख्य व सहाय्यक भूमिका कोण ठरवितो?

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेतो. प्रचार करणारे एक सुचवितात, पण निर्णय मतदारांचा असतो. केट विन्स्लेट यांचा ‘द रीडर’साठी सहाय्यक भूमिकेत प्रचार झाला, ग्लोबही त्याच विभागात मिळाले, अकादमीच्या सदस्यांनी मात्र त्यांना मुख्य भूमिकेत नामांकन दिले आणि २००९ चे ऑस्करही दिले. २०२१ मध्ये ‘ज्यूडास अँड द ब्लॅक मसाया’चे दोन्ही प्रमुख नट सहाय्यक विभागात आले. मग मुख्य नट कोण, हे कोडे त्या चित्रपटापुरते सुटले नाही ते नाहीच.

इफ्फीविषयी सांगायचे तर, कान आणि व्हेनिस येथे गाजलेले काही चित्रपट आंतरराष्ट्रीय विभागात दर वर्षी येतात, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस याद्यांमधली नावे पक्की व्हायची असतात. त्यामुळे वेळ आपल्याला अनुकूल आहे. इफ्फीची स्वतःचीही अभिनयाची रौप्य मयूर पारितोषिके आहेत. २०१९ मध्ये अभिनेत्रीचे पारितोषिक ‘माई घाट’ या मराठी चित्रपटासाठी उषा जाधव यांनाच मिळाले होते. आयनॉक्समधून किंवा जुन्या गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) इमारतीतून बाहेर पडल्यावर रांगेतल्या मंडळींशी बोलण्यापूर्वी आपले मत दिनांकासह वहीत लिहून ठेवा आणि त्यात सहाय्यक भूमिकांची नावे विसरू नका. जानेवारीत नामांकने जाहीर झाली की ती वही मला दाखवायला आणा.