रो-हाऊस, तबेला आणि ससाणा

प्रश्न : मुलाने पर्वरीला रो-हाऊस बुक केलंय. प्रकल्पाच्या नावाच्या शेवटी ‘म्यूज’ आहे. एजंट म्हणाला, म्युझियमवरून आलंय. सुनेला त्यात मांजरीचं म्यांव ऐकू येतं. मी शब्दकोश उघडला तर ‘तबेला’! सर, एवढे पैसे मोजून मुलगा तबेल्यात राहायला चाललाय का?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, म्हापसा

उत्तर : तबेल्यातच. पण घोड्यांच्या आधी तिथे ससाणे होते.

शिकारीसाठी पाळलेल्या ससाण्याची पिसं दरवर्षी झडतात. पंखांतली मोठी पिसं एकेक करून गळतात, नवी फुटतात. यात काही महिने जातात. तेवढे दिवस त्याला उडवायचं नाही, खोलीत ठेवून भरपूर मांस चारायचं. ती खोली म्हणजे ‘म्यू’. ‘म्यूज’ हे तिचं अनेकवचन. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, मुळाशी लॅटिन ‘मुतारे’ (हसू नका), म्हणजे बदलणे. म्हार्दोळला शेजारणीच्या कोंबड्यांची पिसं झडून अंडी बंद झाली की पोर्तुगीज शाळेत शिकलेले माझे बाबा ‘मुदा, मुदा’ म्हणायचे. ती बिचारी घाबरायची, तिला वाटे हे कसल्या रोगाचं नाव! बाबांचा ‘मुदा’ आणि हा ‘म्यू’ एकाच आजीची नातवंडं, हे मला फार उशिरा कळलं.

लंडनला आज जिथे ट्रफाल्गर चौक आहे, तिथे राजाच्या ससाण्यांचं म्यूज होतं. 16व्या शतकात, आठव्या हेन्रीच्या काळात, तिथे राजाचे घोडे आले. पक्षी गेले, नाव राहिलं. पुढे बड्या घरांच्या मागच्या गल्लीतले तबेलेही म्यूजच झाले : खाली घोडे नि बग्गी, माडीवर गाडीवान. मोटारी आल्यावर तबेले ओस पडले, मग त्यांचीच टुमदार घरं झाली. एकेकाळी गाडीवान राहायचा तिथे राहायला आता श्रीमंतच हवा. तुमच्या बिल्डरने नाव उचललं ते इथून, ससाण्यांची त्याला गंधवार्ताही नसेल.

मांजरीच्या म्यांवचा याच्याशी काही संबंध नाही. सूनबाईंना सांगा.

आणि घर ताब्यात आल्यावर म्युटेशनचा, म्हणजे मालकाचं नाव बदलण्याचा, अर्ज कराल ना, तोही शब्द ‘मुतारे’चाच. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा गोव्याचा सातबाराच तो) माझं नाव चढेपर्यंत एखाद्या ससाण्याची पिसं दोनदा झडून आली असती.