दर मार्चची ती सही

"ताई, मी परभणी जिल्ह्यातला, वय २६. पुण्यात एमबीए फायनान्स केलं आणि मागच्या जूनमध्ये मुंबईत एका कन्सल्टिंग कंपनीच्या रिस्क विभागात लागलो. बँकांची कर्जखाती तपासायची, कुठलं कर्ज बुडायच्या वाटेवर आहे ते सांगायचं, असं काम. सोबतचे सगळे सीए नाहीतर आयआयटीवाले. क्लायंटसमोर बसलो की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. टीम लीड सगळ्यांसमोर म्हणतात, 'तू प्रश्नच विचारत नाहीस.' मार्चअखेर मामांच्या पतसंस्थेतल्या कर्जावर जामीनदार म्हणून दरवर्षीसारखी सही करायला गावी गेलो, तर त्या एका सुट्टीवरूनही ऐकवलं. वडील नाहीत, चार एकर माझ्या नावावर आहे. मामांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, माझी फी त्यांनीच भरली. आता एफआरएमची (फायनान्शियल रिस्क मॅनेजर) परीक्षा द्यावी, की हे सोडून बँकेच्या परीक्षांकडे वळावं? मी या क्षेत्राचा माणूसच नाही असं वाटतं."

लेकरा, सीए, आयआयटी आणि टीम लीड थोडे बाजूला ठेवू. दरवर्षीसारखी सही म्हणजे काय रे?

कर्ज एकदा काढलं तर जामीनदार सहीला एकदा लागतो. तू दर मार्चला जातोस म्हणजे बहुधा कर्ज दर मार्चला नव्यानं काढलं जातंय. नवं-जुनं. हे कसं चालतं ते मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला हमालही सांगेल. चार दिवसांच्या बोलीनं कुणाकडून पैसे उचलायचे, जुनं खातं भरून टाकायचं, लगेच वाढीव रकमेचं नवं कर्ज काढायचं आणि त्यातून उसने परत करायचे. ३१ मार्चला पतसंस्थेची थकबाकी कमी दिसते आणि मामांचं खातं नियमित दिसतं. घरातून एक रुपया गेलेला नसतो. समज, सहा लाख होते आणि व्याज १४ टक्के. तीनदा असं फिरवलं की ८ लाख ८९ हजार होतात, आणि तू त्या वाढलेल्या आकड्याखाली नव्यानं सही करून रात्रीच्या गाडीनं मुंबईला परततोस. सोमवारी ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या वह्यांत नेमकं असलंच खातं हुडकतोस. पगार त्याचाच आहे ना तुला?

कर्जाचा आकडा तू पत्रात लिहिलेला नाहीस. तुला तो माहीतच नाही, असं मी धरून चालते.

तू सही कशावर केलीस ते ऐक. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८: करारात वेगळं काही ठरलं नसेल तर कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची. पतसंस्थेनं आधी मामांच्या मागं लागावं आणि मग तुझ्याकडं यावं, असं कुठं लिहिलेलं नाही. त्यात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम १०१ आहे. त्याखाली वसुलीचा दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. तुझ्या नावावर चार एकर आहे हे पतसंस्थेला पक्कं ठाऊक आहे. विद्यार्थी असताना जामीनदार म्हणून तुला कशाच्या जिवावर धरलं असेल, सांग बरं? आणि मोबाइलवर सिबिल, म्हणजे तुझ्या कर्जांचा अहवाल, स्वच्छ दिसतंय म्हणून निवांत राहू नकोस. पतसंस्थेवर देखरेख सहकार खात्याची, रिझर्व्ह बँकेची नव्हे. तिथलं कर्ज त्या अहवालात दिसेलच याचा भरवसा नाही.

मामांचा धंदाही बघ जरा. खत-बियाणं जूनमध्ये उधार द्यायचं, वसुली सोयाबीन आल्यावर. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात माल त्याच्या खालीच जात होता. शेतकऱ्याचं पीककर्ज, मामांची उधारी, पतसंस्थेचा हप्ता आणि तुझं रान, सगळं एकाच पावसावर. असला आराखडा क्लायंटच्या फायलीत सापडला असता तर तू लाल शेरा मारला असतास. निदान मारावा अशी अपेक्षा आहे.

मामांनी फी भरली, ते मी विसरले नाही. ती फी त्यांना परत कर. महिन्याला ठरावीक रक्कम त्यांच्या खात्यात टाक आणि तसं सांगून टाक. पण त्यांच्याबद्दल मला फार कळवळा येत नाही. बाप नसलेल्या पोराला कर्जाचा आकडा न सांगता त्याची जमीन तीन-चार मार्च गुंतवून ठेवणं, याला मी माया म्हणणार नाही. आपल्या भागात जामीनदार बुडतात ते मामा-मावसभावांपायीच. वैऱ्याला कोण जामीन राहतो?

आता तुझं गप्प बसणं. ते सोबतच्या सीए-आयआयटीवाल्यांमुळं आहे असं तुला वाटतं, मला वाटत नाही. ज्यानं आपलं केलं त्याला हिशेब विचारायचा नसतो, हे तुझ्या अंगात मुरलंय. क्लायंट बँकेचा शाखाधिकारी चहा मागवतो, फाइल पुढं सरकवतो, 'हे खातं रेग्युलर आहे' म्हणतो, आणि तू मान हलवतोस. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, कमी मुदतीच्या पीककर्जाला दोन हंगामांची सवलत, हे नियम तुझ्यासोबतच्या सगळ्यांना पाठ आहेत. पण ८९ व्या दिवशी खात्यात आलेले पैसे नेमके कुठून आले, हे विचारायला कुणीतरी तोंड उघडावं लागतं. आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीच्या कर्जरोख्यांना २०१८ मध्ये हप्ते चुकण्याच्या काही आठवडे आधीपर्यंत सर्वोच्च मानांकन होतं. तिथं हुशार माणसांचा तुटवडा होता असं मला तरी वाटत नाही. तुझा टीम लीड बोलायला कडू असेल, त्याचं निदान मात्र बरोबर आहे.

एफआरएम वाईट नाही. दोन भागांची परीक्षा आहे, वर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पुढच्या वर्षी दे. बँकेच्या परीक्षांचं मात्र मनातून काढ. तिथं लागलास तर असल्याच कर्जाच्या मंजुरीवर तुझी सही लागेल, आणि तू ती करशील.

तर शुक्रवारी रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढ. परभणीला उतरलास की घरी न जाता आधी मामांच्या दुकानावर जा. आई मध्ये पडेल, "मामाला काहून विचारायलास?" म्हणेल. पडू दे. मामांना म्हण, "कर्जाचा पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा मला बघायचाय, चला सोबत." खातं त्यांचं आहे, म्हणून त्यांना बरोबर घेऊनच पतसंस्थेत जा. उताऱ्यात दर मार्चमध्ये जमा झालेली मोठी रक्कम शोध, आणि तेवढीच रक्कम आठवड्याच्या आत बाहेर गेली का ते बघ. तिथंच, काउंटरवर उभं राहून, त्यांना विचार की हे पैसे कुणाचे होते. त्यांनी आवाज चढवला तरी उत्तर मिळेपर्यंत हलू नकोस. पुढच्या मार्चचा कागद म्हणजे नवी जामीनकी. त्यावर सही द्यायची की नाही हे उतारा हातात आल्यावर ठरव, त्याआधी कुणालाही शब्द देऊ नकोस.

फक्त दुसरा-चौथा शनिवार बघून घे. पतसंस्था बंद निघाली तर खेप फुकट जाईल, आणि परत न जायला तुला निमित्त मिळेल.