संगणक आले, वीजबिल कोणी भरायचे?

प्रश्न : मी खेड तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. चाकणची औद्योगिक वसाहत आमच्यापासून जवळ आहे. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने शाळेला दहा संगणक दिले. आज त्यांतील तीन चालतात, बाकीचे प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली पडून आहेत. नफ्यातील दोन टक्के रक्कम शिक्षणासाठी देणे कंपन्यांना सक्तीचे आहे, असे ऐकतो. ती आम्हाला हक्काने मागता येईल का? – एक पालक

उत्तर : ‘हक्काने’ हा शब्द तेवढा बाजूला ठेवावा लागेल. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आदल्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची नक्त मालमत्ता (देणी वजा जाता उरणारी) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. यालाच कंपनीचे सामाजिक दायित्व, इंग्रजीत सीएसआर, म्हणतात. शिक्षण हे त्या कामांपैकी एक. आरोग्य, पाणी, पर्यावरण हीही त्याच यादीत आहेत. पैसा कोठे द्यायचा हे संचालक मंडळ ठरवते. मात्र कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. त्यामुळे चाकणचा शेजार हा तुमच्या अर्जातील पहिला मुद्दा असू द्या.

आता त्या सात संगणकांविषयी. असे बंद खोलीतले संगणक मी पुणे जिल्ह्यातील एकापेक्षा जास्त शाळांत पाहिले आहेत. यूपीएसची बॅटरी वर्षा-दीड वर्षात बसते, ती बदलायला शाळेकडे पैसे नसतात, वीजबिल थकते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात जाते. भिंतीवरचा देणगीदाराचा फलक मात्र दरवर्षी रंगवला जातो. दोष केवळ कंपनीचा नाही. वस्तू दाखवता येते, तिचा फोटो अहवालात लावता येतो आणि मार्चअखेरीस उरलेली रक्कम वस्तू घेऊन चटकन खर्चीही टाकता येते. शाळाही ‘काय हवे’ असे विचारल्यावर वस्तूंचीच यादी पुढे करतात.

कायद्याने वस्तूच द्याव्यात असे बंधन घातलेले नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ हा सुरू झाला ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालवता येतो. शिक्षकांचा पगार, त्यांचे प्रशिक्षण, लेखनसाहित्य हा खर्च प्रकल्पाचाच धरला जातो, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या खुलाशात म्हटले आहे. कंपनीच्या प्रशासकीय खर्चावर असलेली, एकूण सामाजिक खर्चाच्या पाच टक्क्यांची मर्यादा त्याला लागत नाही. तेव्हा आणखी दहा संगणक मागण्यापेक्षा, आहेत ते दुरुस्त करून आठवड्यातून ठरावीक तास शिकवणारी एक व्यक्ती आणि देखभालीचा खर्च तीन वर्षांसाठी मागावा, असे मी सुचवेन.

या पद्धतीचा नमुना आपल्याकडे कायद्याच्याही आधीपासून आहे. पुण्यातील थर्मॅक्स कंपनीच्या सामाजिक संस्थेने आकांक्षा फाउंडेशन या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेच्या साथीने २००७ पासून पुणे महापालिकेच्या शाळा चालवायला घेतल्या. इमारत पालिकेची, शिक्षक आणि शिकवण्याची जबाबदारी आकांक्षाची, अशी ती विभागणी आहे. प्रत्येक गावात हे जमेल असे नाही, पण पैसा माणसांवर खर्च करता येतो एवढे त्यातून दिसते.

अर्जाबाबत दोन गोष्टी सांभाळाव्यात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा विकास आराखडा करणे हे तुमच्या समितीचेच काम आहे. त्यातील नेमकी गरज, पटसंख्या आणि वर्षवार खर्च लिहून समितीचा ठराव जोडा. तसेच कंपन्या नव्या आर्थिक वर्षाचा कृती आराखडा आधीच आखतात, म्हणून अर्ज जानेवारीच्या सुमारास पोहोचावा. बारा-ए, ऐंशी-जी (या प्राप्तिकराच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील) ही नोंदणी कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या विश्वस्त संस्थांना लागते. कंपनी स्वतः तुमच्या शाळेत प्रकल्प राबवत असेल, तर शाळेने त्या फेऱ्यात पडण्याचे कारण नाही. काही मध्यस्थ मात्र ‘नोंदणी करून देतो’ म्हणत पैसे मागतात, त्यांना दारातूनच परत पाठवावे.

प्रश्न : माझे यजमान भोसरीतील एका कारखान्यात आहेत. कारखाना कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देतो आणि हेच आमचे सामाजिक दायित्व, असे सांगतो. हे बरोबर आहे का? – एक वाचक, भोसरी

उत्तर : शिष्यवृत्ती चांगलीच आहे, ती जरूर घ्यावी. परंतु केवळ कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या लाभासाठी केलेला खर्च कायद्याने सामाजिक दायित्वात धरला जात नाही. तो कामगार कल्याणाचा खर्च होय. कारखाना या कायद्याखाली येत असेल, तर त्याच्या संचालकांच्या वार्षिक अहवालाला सामाजिक दायित्वाचे परिशिष्ट जोडलेले असते. सामाजिक प्रकल्पांवर एकूण किती रुपये खर्च झाले हे त्यात लिहावेच लागते. कंपनीचे संकेतस्थळ असल्यास मंजूर प्रकल्पही तेथे द्यावे लागतात. शिष्यवृत्ती त्या प्रकल्पांत दाखवली आहे का, हे यजमानांना तेथे पाहता येईल.